संभाजीनगरात चांगला बर्गर पारखायचा कसा?

सिडको_खवय्या

पुढच्या दोन आठवड्यांत छत्रपती संभाजीनगरातल्या सहा-सात ठिकाणचे बर्गर खाऊन त्यातला सगळ्यात चांगला कोणता ते ठरवायचंय. कॅनॉट, निराला बाजार आणि जालना रोड एवढा पट्टा डोळ्यासमोर आहे. आम्ही दोघं, त्यात एक पक्का शाकाहारी. अडचण अशी की जिथं जावं तिथं मेनूत वीस-वीस बर्गर. कुठं पेरी पेरी, कुठं डबल चीज, कुठं काळा पाव. तुलना कशाची कशाशी करायची? हॉटेलांची नावं नकोत, पारख सांगा. पाव, पॅटी, तेल, सॉस यांत नेमकं काय बघायचं? आणि ॲपवरच्या स्टारवर किती विश्वास ठेवायचा?

तवा_तापलाय

भाऊ, सगळीकडं मेनूतला सगळ्यात साधा बर्गर मागवा. एक साधा चिकन, एक साधा आलू टिक्की. पेरी पेरी मसाला आणि तीन सॉस पडले की कोरडी पॅटीही खपून जाते. साध्या बर्गरात लपवायला जागाच नसते.

पहिल्यांदा पाव. वरच्या भागावर अंगठ्यानं हलकं दाबा. ताजा पाव लगेच वर येतो, शिळ्यात खड्डा राहतो. शिळा पाव मऊ करायला काही जण वाफ देतात. तेव्हा वरची साल सुरकुतते आणि बोटाला चिकटते. मग पाव उघडून आतली बाजू बघा. कापलेला भाग लोणी लावून तव्यावर पाऊण-एक मिनिट शेकलेला पाहिजे, कडेला बदामी रंग आलेला. ही शेक नुसती चवीसाठी नाही. त्या कडक थरामुळं पॅटीचा रस आणि सॉस पावात लवकर मुरत नाही. आतून पांढराफटक पाव निघाला तर चौथ्या घासाला खालचा अर्धा हातात विरघळतो.

आता पॅटी. ४ इंची पावाला कच्ची पॅटी साधारण साडेचार इंच थापावी लागते, कारण शिजताना ती आवळते. पावाच्या कडेला बोटभर रिकामी जागा दिसली तर थापणाऱ्यानं हा हिशेब धरलेला नाही. मधे फुगून चेंडू झालेली पॅटीही तसलीच चूक. थापताना मधोमध अंगठ्यानं खळगा करायचा राहिलेला असतो.

खिम्याची चिकन पॅटी कोरडी लागली तर बहुतेक वेळा ती नुसत्या छातीच्या मांसाची असते. मांडीचं मांस घातलं की ओलावा टिकतो. चावताना रबरासारखी ताणली गेली तर मीठ खिम्यात फार आधी घालून मळलेलं आहे. मिठानं मांसातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात आणि पॅटीचं सॉसेज होतं. म्हणून मीठ तव्यावर टाकायच्या जरा आधी लावायचं. चांगली पॅटी दाताखाली दाणेदार सुटते.

चिकन आतून गुलाबी दिसलं तर सरळ परत करा. परदेशी व्हिडिओत मधे गुलाबी ठेवलेला बर्गर दिसतो, तो गोमांसाचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली बदल झाला आणि गाईसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. आपल्याकडं बर्गर मुख्यतः चिकनचा किंवा मटणाचा, आणि चिकनच्या खिम्याला आत ७४ अंश सेल्सिअस गाठलेच पाहिजेत. अख्ख्या तुकड्यावर जंतू वरवर असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात.

आलू_टिक्की_पंथ

शाकाहारी बाजू मी सांगते, कारण आलू टिक्कीला लोक उगीच दुय्यम समजतात.

टिक्की मधोमध मोडून आतला भाग बघा. बटाटा किसल्यासारखा मोकळा दिसला तर उकडून, थंड करून मग किसलेला आहे. लगद्यासारखा चिकट असेल तर गरमागरम आणि तोही जास्त कुस्करलेला आहे. त्यात स्टार्च सुटतो आणि तोंडात खळ लागते. बटाट्यात पाणी राहिलं की टिक्की तेलात तडकते. मग ती सावरायला मैदा नाहीतर कॉर्नफ्लोर वाढवतात आणि टिक्की दगड होते. २५० ग्रॅम बटाट्याला दोन-तीन मोठे चमचे ब्रेडचा चुरा किंवा भिजवून पिळलेले पोहे पुरतात. चवीत बटाट्याआधी पीठ लागलं तर प्रमाण चुकलंय.

अगदी गोल, काठ एकसारखा, वाटाणे मोजून ठेवल्यासारखे दिसले तर ती पाकिटातली गोठवलेली टिक्की. ती वाईटच असते असं नाही. फ्रीजरमधून थेट १७५ अंशांच्या आसपासच्या तेलात पडली तर चांगली होते. बाहेर ठेवून पाझरली, मग तळली की वरचं आवरण सुटतं आणि आत तेल शिरतं. कागदी रुमालावर ३० सेकंद ठेवा, डाग किती पसरतो ते दिसेल.

तेलासाठी वेगळी परीक्षा: सॉस न लावता एक फ्रेंच फ्राय आधी खा. टाळूला चिकट थर बसला, मागून कडवट चव आली तर तेल बरंच तळून झालेलं आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणं तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाऊंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. गिऱ्हाईकाला हे मोजता येत नाही, पण गडद रंग, कढईवर टिकून राहणारा फेस आणि लवकर उठणारा धूर काउंटरवरून दिसतो.

जुना_बाजार_कबाब

मटण बर्गर मिळाला तर नक्की खा, आपल्या शहराची खरी ताकद तिथं निघू शकते. नान-खलिया आणि सीख कबाबच्या या गावात खिम्याला हात बसलेले कारागीर आहेत. पण कबाबचा खिमा जसाच्या तसा बर्गरला चालत नाही. शामी कबाबात चण्याची डाळ असते, ती पावात दाबली की भुगा होते. सीखेच्या खिम्यात कच्ची पपई जास्त झाली असेल तर पॅटी पिठूळ लागते, कारण पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं. बकऱ्याचं मांस मुळात चरबीला कमी, म्हणून खिम्यात १५ ते २० टक्के चरबी मुद्दाम घालावी लागते. "चरबी घालता का, खिमा हातानं कापता का मशीनवर?" एवढं विचारा. करणारा माणूस लगेच उत्तर देतो.

सिडको_खवय्या

मस्त माहिती, तिघांचेही आभार. मेयोनीजचं काय? आणि एका संध्याकाळी किती ठिकाणं करावीत?

आलू_टिक्की_पंथ

मेयोनीजची बाटली कुठं ठेवलीय तेवढं बघा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज ५ अंशांच्या खाली ठेवावं लागतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दाबायची बाटली तव्याशेजारी दुपारपासून उभी असेल तर तो बर्गर घेऊ नका. नांदेडच्या शेजारच्या तेलंगणानं २०२४ च्या अखेरीस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती, ती उगाच नाही. बिनअंड्याचं बाटलीबंदही उघडल्यावर फ्रीजमध्येच पाहिजे.

तवा_तापलाय

एका संध्याकाळी तीन ठिकाणं, त्याच्या पुढं जीभ थकते. मधे पाणी आणि मूठभर साधे मुरमुरे, चिवडा नको. सगळीकडं एकाच वेळी जाता येणार नाही, पण निदान ७ ते ९ च्या आतच जा. रात्री ११ चा तवा आणि ७ चा तवा सारखा नसतो. बर्गर आला की आधी मधून कापा. थर दिसतात आणि दोघांना सारखा वाटा मिळतो. पाच मिनिटांत संपवा. १० पैकी गुण द्यायचे तर पॅटीला ४, पावाला ३, रचनेला २, सॉसला १.

रचनेत मुख्य म्हणजे पाणी. बर्गरवाले आइसबर्ग लेट्यूसच्या पानांऐवजी कोबी घालतात, त्यात चूक काही नाही. बारीक चिरून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून नीट निथळलेला कोबी छान कुरकुरीत लागतो. न निथळलेला मात्र सगळा बर्गर बुडवतो. चीज पॅटीवर तव्यावरच टाकून, वर वाटी झाकून वितळवलेलं असावं. थंड स्लाइस नंतर ठेवली की ती मेणासारखी तशीच राहते.

परभणीकर_पार्सल

स्टारबद्दल कोणीच बोललं नाही. एकूण आकडा सोडा, रिव्ह्यू नवीन आधी असे लावा आणि गेल्या तीन महिन्यांतलेच वाचा. तव्यावरचा माणूस बदलला की जुने स्टार निरुपयोगी. हॉटेलनं टाकलेले फोटो बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा, त्यातही चावलेल्या बर्गरचे.

ॲपवर मेनूच्या तळाशी एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. दोन वेगळ्या नावांखाली तोच क्रमांक दिसला तर स्वयंपाकघर एकच. सहा-सात ठिकाणं मोजताना एकच तवा दोनदा मोजायलात का, ते त्यावरून कळतं.

पार्सलवरून मात्र निकाल लावू नका. बंद डब्यात वाफेनं शेकलेला पावही मऊ पडतो, कुरकुरीत टिक्कीचं कवच जातं. मागवायचाच असेल तर सॉस वेगळा द्यायला सांगा.

जुना_बाजार_कबाब

एक राहिलं, वार. सोमवार, गुरुवार, शनिवारी आपल्याकडं बरीच घरं मांसाहार टाळतात, श्रावणात तर महिनाभर. त्या दिवशी खप कमी, मग आदल्या दिवशीचा खिमा पुढं सरकण्याची शक्यता जास्त. चिकन-मटणाचे बर्गर बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी खा. आलू टिक्की शनिवारी चालेल.

सिडको_खवय्या

मग बुधवारी कॅनॉटपासून सुरू करायलो. साधा चिकन, साधी टिक्की, सॉसच्या आधी एक फ्राय.