मदत हवी आहे: सेकंडहँड अबार्थ पुंटो, चढावर पिकअप मरतो. टर्बो बदलण्याआधी काय काय तपासू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यात मी २०१६ची अबार्थ पुंटो घेतली (फियाटची पेट्रोल हॅचबॅक, इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची). तिसरी ओनर मी. रोजचं वाई ते शिरवळ जाणं-येणं हिच्यावरच आहे, त्यामुळे ही हौसेची रविवारची गाडी नाही, सकाळी सेल्फ मारला की चालू व्हायलाच हवी अशी गाडी आहे.

प्रॉब्लेम असा. सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून जाताना काही जाणवत नाही. संध्याकाळी परतताना खंबाटकी घाट चढायला लागले आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली, की अडीच हजार आरपीएमपर्यंत गाडी मस्त ओढते आणि मग ओढ एकदम ढिली पडते. बोनेटखालून ‘फुस्स’ असा हवा सुटल्याचा आवाज येतो. पाय अर्धा उचलला की परत नीट चालते. मिसिंग नाही, धक्के नाहीत, धूर नाही. चेक लाइट एकदाही लागलेला नाही. ऑइलची पातळी डिपस्टिकवर जिथल्या तिथे असते. ॲव्हरेज मात्र कमी झालाय.

झालेली कामं: एअर फिल्टर नवा, चारही प्लग नवे, ऑइल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. स्कॅनर लावला तर फॉल्ट कोड एकही नाही. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी इंधन सोडतोय तो आकडा) अधिक सातच्या आसपास दिसला.

एका गॅरेजवाल्याने राउंड मारून सांगितलं, “टर्बो गेला. नवा टाका.” आकडा लाखाच्या घरातला. त्याने एकही होज पाइप काढून बघितला नाही, म्हणून माझं मन मानत नाही.

अजून दोन गोष्टी आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची नोंद आधीच्या दोन्ही मालकांकडे नाही. आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज येतो.

माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांनी गाडी चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टर्बोच्या बॉडीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. म्हणाले, “बेअरिंग घासत नाहीये. हवा कुठून तरी पळतेय ती शोध.” पण त्यांची हयात मोठ्या डिझेल इंजिनांत गेली, पेट्रोल टर्बोत हवा कुठून पळू शकते हे ते खात्रीने सांगत नाहीत. म्हणून हा धागा.

डोंगरदऱ्या

ताई, रागावू नका, पण विका ती. फियाट भारतातून गेली, पार्ट मिळायचे वांधे होणार. त्या पैशात थोडी भर घालून एखादी नवी टर्बो हॅचबॅक घ्या, वॉरंटी असेल, डोक्याला ताप नाही.

कृष्णाकाठ

रागावत नाही दादा, सल्ला व्यवहाराचा आहे. पण गाडी विकायची नाही हे पक्कं आहे. का ते सांगते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ही आली तेव्हा दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर देणारी दुसरी हॅचबॅक आपल्याकडे नव्हती. चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंग हायड्रॉलिक, त्यामुळे पुढची चाकं कशावरून चाललीत हे तळहाताला कळतं. पसरणी घाटात ओल्या रस्त्यावर वळण घेताना पकड सुटायच्या आधी स्टिअरिंग हलकं होतं आणि आपण सावध होतो. मी पोलो जीटी टीएसआय चालवून बघितली होती, चांगलीच गाडी आहे. पण ती ऑटोमॅटिक, आणि मला क्लच आणि गिअर माझ्या हातापायात हवे होते. आणि ही बनली आपल्या रांजणगावात. दरवाजा लावतानाचा तो जड आवाज ऐकला की २०१९ मध्ये या गाड्या बनायच्या बंद झाल्या याचं अजूनही वाईट वाटतं. ज्या थोड्या उरल्यात त्या चालत्या राहाव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे.

टीजेट

धागा वाचून बरं वाटलं. माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे, इंजिन याच घराण्यातलं (टी-जेट हे या इंजिनचंच नाव), फक्त ताकद कमी. सविस्तर लिहितो.

आधी टर्बोबद्दल. टर्बोचं बेअरिंग किंवा सील गेलं तर त्याच्या खुणा दिसतात: निळा धूर, ऑइल कमी होणं, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल साचणं, शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज, शाफ्टला हाताने हलवल्यावर खेळ. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काहीच नाही. तुमच्या बाबांनी जे सांगितलं तेच मला पटतंय.

आता हवा कुठून पळते. टर्बोने दाबलेली हवा रबरी होजमधून इंटरकूलरला, तिथून थ्रॉटल बॉडीला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला) जाते. दहा वर्षांचं रबर तापून तापून कडक होतं, क्लिपजवळ चीर पडते. थंड असताना किंवा कमी दाबाला ती चीर मिटलेली राहते. पूर्ण रेस दिली की दाबाने उघडते, आणि नेमकं तुमच्यासारखं होतं. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. होजवरून बोटं फिरवा, ऑइलचा ओशट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली लागली तर तीच जागा.

दुसरा आणि माझ्या मते जास्त संशयित: डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तुम्ही पाय उचलता तेव्हा थ्रॉटल बंद होतो, पण टर्बो फिरतच असतो. ती कोंडलेली हवा परत टर्बोच्या तोंडाकडे सोडायचं काम हा व्हॉल्व्ह करतो. आत एक रबरी पडदी असते. ती फाटली की रेस दिलेली असतानाही व्हॉल्व्ह घट्ट बसत नाही, आणि टर्बोने दाबलेली हवा गोल फिरून परत त्याच्याच तोंडात येते. इंजिनला मिळतच नाही. कोड पडत नाही, कारण दाब थोडा कमी पडला तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लगेच तक्रार करत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा. व्हॉल्व्हच्या वरच्या निप्पलची बारीक नळी काढा, तिथे सिरिंज नळीच्या तुकड्याने जोडा आणि दट्ट्या मागे ओढून धरा. हात सोडल्यावर दट्ट्या पुन्हा आत खेचला गेला तर पडदी शाबूत आहे. ओढला तिथेच सैल राहिला तर फाटली.

तिसरं, वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब हद्दीत ठेवणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरची दांडी मोकळी हलते का, आणि ती झडप चालवणाऱ्या बूस्ट सोलेनॉइडच्या बारीक नळ्या तडकल्यात का. त्या नळ्या मीटरच्या हिशोबाने मिळतात, सरळ नव्या टाका.

हे सगळं झाल्याशिवाय टर्बोला हात लावू देऊ नका.

कृष्णाकाठ

दादा, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फ्युएल ट्रिम अधिक सात याची काळजी करू का? ई२० पेट्रोल सगळीकडे आल्यापासून ॲव्हरेज पडलाय असं मला वाटतं, पण हवा पळतेय म्हणूनही असू शकतं. मी ९५ ऑक्टेनवालं भरते.

टीजेट

दोन्ही असू शकतं. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की प्रमाण साडेतेराच्या जवळपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ईसीयू ते ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखून भरून काढतो आणि ट्रिम अधिकमध्ये दिसतो. सात घाबरण्यासारखं नाही. पंधराच्या पुढे गेला तर मात्र फ्युएल पंपाचा दाब आणि इनटेक मॅनिफोल्डची गळती बघा.

ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल कमी असं नाही, हे पण लक्षात ठेवा. आपल्या गाड्या ई२०साठी बनलेल्या नाहीत, म्हणून मी सर्व्हिसच्या वेळी इंजिनकडच्या इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून बघतो. बारीक भेगा दिसल्या की त्याच दिवशी बदल. तिथे कंजुषी नको, खाली तापलेला टर्बो आहे.

नानापेठी

पार्टबद्दल मी बोलतो, माझा धंदाच तो आहे.

अबार्थचे पार्ट तीन ढिगात वाटा. सस्पेन्शन आणि बॉडी: बरंचसं साध्या पुंटोचं चालतं. लोअर आर्म, लिंक रॉड, काचा, दरवाजाचे लॉक पुण्यात नाना पेठेत मिळतात, नाही मिळाले तर मुंबईत कुर्ल्याला. मात्र स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर साध्या पुंटोचे उचलून टाकू नका, अबार्थ खाली बसवलेली आणि कडक आहे.

इंजिनचे पार्ट: लिनिया टी-जेटचे काही जुळतात, सगळे नाहीत. जीप कंपासचं पेट्रोल इंजिन पण १.४ टर्बो होतं, पण मल्टिएअर (व्हॉल्व्ह उघडायची पद्धत वेगळी), हेडच वेगळं. कुणी “कंपासचंच आहे, बसतं” म्हणालं तर पार्ट नंबर मागा. फियाटच्या ईपर कॅटलॉगमध्ये नंबर सापडतो. तो जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरा ढीग म्हणजे टर्बो, डायव्हर्टर व्हॉल्व्ह वगैरे. युरोपात हेच १.४ टी-जेट अबार्थ ५०० आणि ५९५ला बरीच वर्षं लागत होतं, त्यामुळे तिकडे माल आहे. मागवता येतो, फक्त सीमाशुल्क धरून हिशोब करा आणि दोन-तीन जणांनी मिळून एकत्र मागवा.

‘टक्’ आवाज लोअर आर्मच्या मागच्या बुशचा किंवा लिंक रॉडचा. गाडी जॅकवर घ्या, पहारीने आर्म दाबा. रबर आणि लोखंडामध्ये फट दिसली की बुश संपला.

तेलकट हात

सगळे टर्बोच्या मागे लागलेत आणि खरी घाई बेल्टची आहे. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. पिकअप कमी असलेली गाडी घरी पोचवते, बेल्ट तुटलेली पोचवत नाही, वर इंजिन उघडायची पाळी येते. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय होतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला, पंप बेल्टच्याच आड आहे, मजुरी दोनदा भरू नका.

आणि हे काम कुठल्याही फिटरकडे देऊ नका. या १६ व्हॉल्व्ह इंजिनला टायमिंग बसवताना दोन्ही कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडबंद करणारे दांडे) लॉक करायची हत्यारं लागतात. पांढऱ्या पेनाने खुणा करून बेल्ट चढवणारे आहेत, एक दात चुकला तरी गाडी चालू होते, पण जीव जातो तिचा. “लॉकिंग टूल दाखवा” असं आधीच म्हणा.

रोजच्या वापरासाठी एकच: घाट चढून वर आलात की लगेच इंजिन बंद करू नका. शेवटचा एखादा किलोमीटर हळू चालवा किंवा अर्धा मिनिट चालू ठेवा. टर्बोच्या शाफ्टभोवतीचं ऑइल तापलेल्या जागी थांबलं तर जळून त्याची काजळी होते.

डोंगरदऱ्या

एवढं सगळं करताय तर स्टेज वन रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) पण करून घ्या, गाडी उडेल!

कृष्णाकाठ

नाही दादा. क्लच मूळचाच आहे, गाडी दहा वर्षांची आहे, आणि विमा कंपनीला न कळवता ताकद वाढवली तर क्लेमच्या वेळी कोण भांडत बसणार? मला कंपनीतून निघाली तेव्हाची १४५ परत हवी आहे, तेवढी पुरते.

आता अपडेट. रविवारी बाबा आणि मी बोनेट उघडून बसलो. सिरिंजची युक्ती केली. दट्ट्या ओढला आणि सोडला, तो होता तिथेच. तीनदा केलं, तसंच. व्हॉल्व्ह उतरवून उघडला तर पडदीच्या कडेला नखाएवढी चीर, आणि रबर मऊ राहिलंच नव्हतं, बोटाने दुमडल्यावर दुसरीकडेही तडकलं. शिवाय इंटरकूलरकडच्या होजची क्लिप ढिली होती आणि खाली टीजेट दादा म्हणाले तसाच ओशट डाग. क्लिप नवी लावली. टर्बोच्या तोंडाकडचा पाइप काढलाच होता, म्हणून शाफ्टचा खेळही बघितला. जाणवण्यासारखा नाही, पाती स्वच्छ, ऑइल नाही.

नवी पडदी येईपर्यंत गाडी हळूच चालवतेय. लोअर आर्मचा बुशही पहारीने दाबल्यावर उघडा पडला, दोन्ही बाजूंचे एकदम बदलून अलाइनमेंट करून घेईन.

तेलकट हात, तुमचं म्हणणं पटलं. टर्बोसाठी बाजूला काढलेल्या पैशातून आधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप करते. शिरवळ, सातारा किंवा पुण्यात कात्रजच्या अलीकडे टी-जेटचं कॅम लॉकिंग टूल स्वतःकडे असलेला फिटर कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह बाहेरून मागवायचा असेल असे अजून दोघे मिळाले तर पाठवणीचा खर्च वाटून घेऊ. पार्ट नंबर मी ईपरमधून काढून इथेच टाकते.

टीजेट

माझा एक धरा. जुन्या व्हॉल्व्हच्या बॉडीवर कोरलेला नंबर पण फोटो काढून टाका, दोन प्रकारचे येतात, निप्पलचा व्यास वेगळा असू शकतो.

कृष्णाकाठ

संध्याकाळी फोटो टाकते.