हेडफोनचा ट्रेबल (वरचे सूर) टोचतोय, घरच्या घरी काय करता येईल?

ठाणे_वेस्ट

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. माझ्याकडे तीन वर्षांपासून एक सेमी-ओपन (कपाला मागे थोडी भोकं असलेला) हेडफोन आहे, 50 मिमीचा ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर), एकेजी कंपनीच्या के240 सारखी ठेवण, म्हणजे वर दोन कमानी आणि खाली डोक्यावर आपोआप बसणारा पट्टा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या ठेवणीचे बरेच येतात आणि मला विचारायचंय ते कामाबद्दल. ऐकतो मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, आणि रात्री मुलगी झोपली की जुनी भावगीतं. तंबोरा, खालचा सूर, पेटी सगळं झकास येतं, पण गाणाऱ्याचा 'स' किंवा 'श' आला की शिट्टीसारखा कानात घुसतो, टाळ-झांजा असल्या तर विचारूच नका, तबल्याची चाटसुद्धा टोचते. अर्ध्या तासात कान किटतात.

त्यात पॅडच्या रेग्झिनचे पोपडे निघायला लागलेत. तीन पावसाळे काढले त्याने इथल्या दमट हवेत, आता हेडफोन काढला की कानाभोवती काळे कण चिकटलेले असतात. म्हणजे पॅड तर बदलायचेच आहेत, मग म्हटलं उघडणारच आहोत तर आवाजाचंही बघू. व्हिडिओंमध्ये कोणी आत कापूस भरतंय, कोणी टिश्यू लावतंय, कोणी चक्क मुलांची खेळायची क्ले थापतंय. यातलं खरंच उपयोगाचं काय आणि सुरुवात कुठून करू? केबलपण चांगली तांब्याची घालू का? सोल्डरिंग जमतं, 25 वॅटचा आयर्न आणि मल्टीमीटर घरात आहे. नवीन घ्या असं कृपया सांगू नका, मला हाच हवाय, फक्त टोचणं थांबलं पाहिजे.

रात्रपाळी

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक काम करा, नक्की कुठे टोचतंय ते शोधा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर इक्वलायझर एपीओ टाका (आवाजाचे वरचे-खालचे सूर कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) आणि सोबत ते सोपेपणाने चालवायला पीस, दोन्ही फुकट आहेत. त्यात एक अरुंद फिल्टर घ्या, 6 डेसिबल वर चढवा, आवाज अगदी बारीक ठेवा (हे महत्त्वाचं आहे, कानाशी खेळू नका) आणि तो फिल्टर 4 हजार हर्ट्झपासून हळूहळू 10 हजारापर्यंत सरकवत न्या. जिथे 'स' एकदम असह्य होतो ती तुमची जागा. मग तिथेच 4-5 डेसिबल खाली ओढा आणि दोन दिवस तसंच ऐका. कित्येकदा एवढ्यावरच भागतं. अँड्रॉइडवर हेच काम वेव्हलेट नावाच्या ॲपने बऱ्यापैकी होतं.

आणि समजा नंतर तुम्ही हेडफोन उघडलाच तरी कुठली फ्रिक्वेन्सी खाली आणायचीय हे माहीत असेल, नाहीतर नुसता अंधारात कापूस भरणं होतं.

सोल्डरवाला

वरच्या पोस्टशी शंभर टक्के सहमत, पण ज्यांचं ऐकणं टीव्ही, टेपडेक, जुना सीडी प्लेयर अशा चार ठिकाणी होतं त्यांना इक्वलायझर सगळीकडे नेता येत नाही, तिथे हाताचं काम उपयोगी पडतं. मी गेली काही वर्षं माझे आणि मित्रांचे मिळून बरेच हेडफोन उघडलेत, त्यातून जे हाताला लागलंय ते लिहितो.

सगळ्यात आधी पॅड. लोकांना वाटतं पॅड म्हणजे नुसती गादी, पण आवाजात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. रेग्झिनचा पॅड कानाभोवती हवा बंद करतो म्हणून बेस टिकतो, व्हेलूर म्हणजे मखमली कापडाच्या पॅडमधून हवा झिरपते, बेस थोडा उतरतो पण घाम येत नाही, आपल्याकडे मे महिन्यात त्याचं मोल कळतं. जाड पॅड घेतला की कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि सगळंच बदलतं. चष्मा असेल तर काडीखाली फट राहते, बेस तिथूनच पळतो, तेव्हा मऊ पॅड घ्या. तुमच्या ठेवणीला के240 चे म्हणून विकले जाणारे पॅड बहुतेक बसतील पण घेण्याआधी कपाचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजा, अंदाजाने मागवू नका. नवे पॅड लावून आठवडाभर ऐका आणि मगच पुढच्याला हात घाला, नाहीतर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

आता टोचण्याचं. ड्रायव्हरच्या समोर, पॅड आणि जाळीच्या मध्ये, पातळ कापडासारखं काही ठेवलं की वरचे सूर जास्त दबतात आणि खालचे जवळपास तसेच येतात. कारण सोपं आहे, हवा त्या धाग्यांमधून मागेपुढे जाताना घासते आणि आवाजाची थोडी ताकद तिथे मुरते. 8 हजार हर्ट्झची लाट जेमतेम सव्वाचार सेंटीमीटरची, 100 हर्ट्झची साधारण साडेतीन मीटरची, तिला तुमच्या टिश्यूचं काय पडलंय. टॉयलेट पेपरचा किंवा टिश्यूचा एकच पदर सुटा करून गोल कापा, तेवढ्यानेही फरक ऐकू येतो. तो कमी पडला तर दुसरा पदर. त्यानंतर पातळ फेल्ट, मधोमध भोक ठेवून, भोक लहान-मोठं करून ट्रेबल हवा तेवढा ठेवता येतो. डिंक, फेव्हिक्विक काही वापरू नका. पॅडच्या दाबानेच जागेवर राहतं.

मागच्या बाजूला म्हणजे कपाच्या आत कापूस. थोडासाच, मेडिकलमधला सर्जिकल कापूस पिंजून भुसभुशीत केलेला. मागे गेलेला आवाज कपाच्या भिंतीवर आपटून परत येतो तो यात मुरतो. कोंबला तर मात्र आवाज बंद खोलीतल्यासारखा होतो. आणि कापसाचा एकही धागा ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पातळ पडद्यापर्यंत जाता कामा नये, नाहीतर बेसला खर्र खर्र येईल आणि तुम्हाला वाटेल ड्रायव्हर गेला.

मागची भोकं हे तिसरं. तिथे मेडिकलमध्ये मिळते ती कागदी मायक्रोपोर टेप वापरतात कारण तिच्यातून हवा जाते पण अडत अडत जाते. सेलोटेपने ठार बंद केलं तर आतली हवा ताठ स्प्रिंगसारखी होते आणि खालचा बेस आखडतो. इथे दर मॉडेलला निकाल वेगळा, तेव्हा अर्धं भोक झाकून सुरुवात करा.

क्लेबद्दल. ती युक्ती मुख्यतः फॉस्टेक्स टी50आरपी या हेडफोनवाल्यांची आहे. त्याचा ड्रायव्हर प्लॅनर (सपाट पडद्याचा), कप प्लॅस्टिकचा, तर भिंतीला क्ले लावून वजन वाढवायचं म्हणजे ती थरथरत नाही, आणि आत फेल्ट, कापूस वगैरे. त्या एका हेडफोनवर इतके लोक खटपट करत आलेत की डॅन क्लार्क यांनी तोच घेऊन त्यात बदल करून मॅड डॉग नावाने विकला आणि पुढे स्वतःची कंपनी मोठी केली, शिकागोच्या झेडएमएफ या हेडफोन कंपनीची सुरुवातही टी50आरपीपासूनचीच. तुमच्या भोकं असलेल्या कपाला क्लेचा फारसा उपयोग नाही, वजन तेवढं वाढेल.

केबल तुटलेली नसेल तर हात लावू नका. दोन-तीन मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स ड्रायव्हरच्या 32 किंवा 55 ओहमपुढे नगण्य आहे, महागड्या तारेने 'स' मऊ होणार नाही. काढता-घालता येणारी हवी असेल तर सॉकेट जरूर बसवा, ती सोय खरी आहे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सॉकेट सुटे मिळतात.

कोल्हापूरची_श्रोती

दोन गोष्टी माझ्या अनुभवातून, कारण मी दोन्ही भोगल्यात. ड्रायव्हरच्या मागे चुंबक असतं आणि ते जबरदस्त असतं. मी लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाजूचा स्क्रू काढत होते, टोक ओढलं गेलं आणि पडद्याला टोचलं. एवढ्याशा भोकाने ती बाजू कायमची गेली, कारण तो पडदा आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षाही पातळ असतो. तेव्हापासून उघडल्या उघडल्या ड्रायव्हरवर पुठ्ठ्याची चकती ठेवते आणि मगच काम.

दुसरं, तारा. हेडफोनच्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय टाका धरतच नाही, आयर्नच्या टोकावर शिशाचा थेंब घेऊन त्यात तार दोन-तीन सेकंद बुडवून ठेवायची. बहुतेक वेळा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाची कॉमन (परतीची), पण रंगावर विश्वास न ठेवता मल्टीमीटरने बघा. मी एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लावले होते आणि चार दिवस मला वाटत होतं की माझ्या कापसाने बेस गेला. ओळखायची खूण सांगते, फोनमध्ये मोनो करून (दोन्ही कानांना एकच आवाज) कोणाचं बोलणं ऐका. आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्ये आला तर ठीक, पोकळ होऊन दोन्हीकडे पसरला तर एक बाजू उलटी आहे.

मिरजेचा_पाहुणा

माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीत लहानपणी तासन् तास बसलोय, म्हणून हे लिहावंसं वाटलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवतात ना, केसाएवढं इकडचं तिकडे झालं की जवारी (तारेचा घुमणारा झणकार) खुलते नाहीतर बंद होते, आणि लावणारा माणूस दर वेळी थांबून ऐकतो. हेडफोनचा टिश्यू मला अगदी तसाच वाटतो. ख्याल ऐकत असाल तर दाबायच्या नादात जवारी मारू नका. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात खरजाची तार 69 हर्ट्झच्या आसपास, तिच्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार, म्हणजे स्वयंभू गंधार, पाचपट म्हणजे साडेतीनशेच्या आत, तो टिश्यूने कुठे जात नाही. जाते ती वरची झिलई, तारेचा तो झणकार. म्हणून प्रत्येक बदलानंतर गाणं नको, नुसता तंबोरा लावा. झणकार गेला की एक पदर काढा.

सोल्डरवाला

@मिरजेचा_पाहुणा फार छान सांगितलंत, हे मी स्वतः करून बघणार.

ठाणेकर, एक राहिलं. बदल आधी एकाच बाजूला करा. मग फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करून दोन्ही कानांना एकच आवाज द्या आणि डावं-उजवं ताडून बघा. नंतर हेडफोन उलटा घालून परत ऐका, कारण आपल्या दोन कानांतही फरक असतो. कालचा आवाज आज कोणालाच नीट आठवत नाही, आणि दोन दिवसात कान कशालाही सरावतो, त्यामुळे हीच पद्धत मला भरवशाची वाटते.

ठाणे_वेस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी आलोय पण काम करूनच आलोय.

इक्वलायझरने शोधलं तर दोन जागा निघाल्या, एक साडेपाच हजाराजवळ बारीक आणि खरी दुखरी साडेआठ हजाराला. पॅड मोजून मागवले, व्हेलूरचे. नुसत्या पॅडनेच टोचणं बरंच उतरलं हे मला अपेक्षित नव्हतं, बेस थोडा कमी झाला पण पेटी आणि गळा पुढे आले. आठवडा थांबलो (कठीण गेलं). मग डाव्या बाजूला टिश्यूचा एक पदर, मोनो करून ऐकलं, हेडफोन उलटा करून ऐकलं, बायकोला न सांगता तिलाही ऐकवलं, तीही म्हणाली ही बाजू मऊ आहे. दोन पदरांनी चाट कमी टोचायला लागली पण तंबोरा लावला तर मिरजेचे पाहुणे म्हणाले तसंच, झणकार मेला होता. परत एकावर आलो. मग उजव्या बाजूलाही तेवढाच.

कापूस घातला आणि काढला, मला फरक सांगता आला नाही. भोकांना आणि केबलला हात लावला नाही. लॅपटॉपवर अजून साडेआठ हजाराला 2 डेसिबल खाली ठेवलंय, टीव्हीवर तेही लागत नाही. काल रात्री सलग दोन तास ऐकलं, मधे काढावासा वाटला नाही.

एकच प्रश्न उरलाय, टिश्यू पावसाळ्यात दमट होऊन लगदा होईल असं वाटतंय, त्याऐवजी मायक्रोपोरची चकती समोर चालेल का?

सोल्डरवाला

चालेल, पण ती टिश्यूपेक्षा जास्त दाबते आणि गोंदाची बाजू ड्रायव्हरकडे अजिबात नको. टेप जाळीवर न चिकटवता पुठ्ठ्याच्या रिंगवर ताणून बसवा, मधे पैशाएवढं भोक ठेवा, आणि परत एकाच बाजूने सुरुवात.