वाडीतल्या घरांना अनधिकृत म्हणून नोटीस, त्यातच भूसंपादन सुरू. काय करावं?

वाडीकर
आमची वाडी गावठाणापासून सात किलोमीटर आत, डोंगरात. बारा घरं, एसटी येत नाही, ओढा भरला की दोन दोन दिवस बाहेर पडता येत नाही. घरं आजोबांच्या वेळची, स्वतःच्याच शेतात बांधलेली, परवानगी कुणी घेतली नाही आणि कुणी विचारलीही नाही. मागच्या महिन्यात मोजणीवाले आले, प्रकल्पाला जमीन जाणार म्हणाले, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांना नोटीस की बांधकाम अनधिकृत आहे, स्वतःहून काढून घ्या. मग इतकी वर्षं घरपट्टी कशाची घेतली? चुलते म्हणतात पाडून टाकू, सरकारशी वाकडं नको, शेताचे पैसे तरी नीट मिळतील. आईने दोन दिवस धड जेवण केलं नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

सात-बारावाला
दादा, आधी चुलत्यांना थांबवा. महसूलमध्ये नोकरी केलीय म्हणून सांगतो, नोटीस आणि भूसंपादन या दोन वेगळ्या फायली आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीबरोबर घर, विहीर, झाडं यांचीही किंमत धरतात (कलम २९) आणि सगळं मिळून जी रक्कम होते तेवढीच दिलासा रक्कम वर मिळते. घर आधीच पाडलंत तर संयुक्त मोजणीत लिहिणार काय? दोन्हीकडून जाईल.

घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, पण घर कधीपासून उभं आहे आणि कोण राहतंय याचा तो पुरावा आहे, जुन्या पावत्या, आठ-अ, लाईटबिल सगळं काढून ठेवा. नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. जमीन महसूल संहितेचं कलम ४५ असेल तर तो विनापरवाना बिगरशेती वापर, तो नियमित करून मागता येतो. ५० असेल तर ते तुम्हाला सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेलं धरतायत, मग सात-बारा आणि नकाशा घेऊनच उत्तर द्या. काहीही असो, उत्तर मुदतीत, लेखी, आणि पोच घेऊनच. तोंडी बोललेलं फायलीत येत नाही.

कोयनेकाठचा
आमचं घर कोयनेत गेलं. आजोबा अंगठा देऊन मोकळे झाले, साठच्या दशकातली गोष्ट, राज्याचा पुनर्वसनाचा कायदाच १९७६ ला आला. आजोबा जाईपर्यंत कागद घेऊन हिंडत होते, ते आठवलं की अजून पोटात कालवतं, म्हणून एवढं नक्की लिहितो. पैसे उचलताना ‘निषेध नोंदवून स्वीकारले’ असं लिहूनच सही करा. तसं न लिहिता घेतले तर वाढीव मोबदल्यासाठी भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. मोजणीच्या दिवशी घरातलं शिकलेलं माणूस तिथे हवंच, पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. आंब्याचं एक झाड सुटलं तरी बोट दाखवून लिहून घ्या.

वाडीकर
खूप धीर आला. नोटीस ४५ चीच आहे. अजून एक, आमच्यातल्या एका घराची स्वतःची जमीन नाही, ते लोक तिसऱ्या पिढीपासून आमच्या बांधावर राहतात, शेतात मजुरीला असतात. त्यांना काहीच मिळणार नाही असं तो अधिकारी म्हणाला.

सात-बारावाला
मोबदला जमिनीच्या मालकाला, पण पुनर्वसन फक्त मालकालाच असं नाही. जमीन नसलेलं पण आधीची तीन वर्षं तिथल्या कामावर पोट असलेलं कुटुंबही कायद्यात ‘बाधित’ धरलंय. त्यांचं नाव सामाजिक सर्वेक्षणाच्या यादीत येतंय का ते बघा, नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. आणि कलम ११ ची अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस असतात, हायवेचा प्रकल्प असेल तर मात्र २१ च, तेव्हा तारीख आजच बघून घ्या.

वाडीकर
तारीख बघितली, अजून ४१ दिवस आहेत. चुलते तयार झालेत. उद्या बाराही घरांची उत्तरं एकदमच घेऊन जातोय, त्या मजुरांच्या घराचंही नाव घालून, आणि मोजणीला मी रजा टाकून थांबतोय.