दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत कशी वाचायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं रेस मन लावून बघतो. पैसे लावत नाही, कुठला घोडा का जिंकला हे कळून घ्यायची ओढ आहे. मोठ्या वयाच्या घोड्यांच्या मागच्या आठ-दहा धावा समोर असतात, तिथे थोडंफार जमतं. दोन वर्षांच्या घोड्यांपाशी आलो की अडतो.

आत्ता 1400 मीटरची एक शर्यत समोर आहे. त्यातल्या चौघांवर विचार करतोय.

एक नंबर एकदाच धावलाय, 1200 मीटर, पहिल्यापासून पुढे राहून चार लांबीने (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जिंकला. सगळे त्याचंच नाव घेतायत. मला मात्र ती शर्यत पुन्हा बघून शंका येते. त्याला कुणी छेडलंच नाही, निम्मं अंतर तो आरामात धावला, आणि त्याच्या मागे आलेल्यांपैकी एकही घोडा नंतर जिंकलेला नाही.

तीन नंबर 1200 मीटरमध्येच तिसरा आला. गेटमधून उशिरा निघाला, वळणावर कोंडला गेला, जागा मिळाल्यावर शेवटच्या 200 मीटरमध्ये सगळ्यांत वेगात तोच येत होता. जॉकीने चाबूक उचललाही नाही. बाप लांब पल्ल्याचा, त्यामुळे वाढलेलं अंतर याला मानवेल असं वाटतं.

पाच नंबरची घोडी दोनदा धावली, एकदा पहिली, एकदा दुसरी. तिला दीड किलोची सवलत आहे, म्हणजे पाठीवर तेवढं वजन कमी. सात नंबर पहिल्यांदाच उतरतोय, त्याचे गॅलप (सरावाच्या वेगवान धावा) चांगले आहेत एवढंच कळलंय.

अजून एक गोष्ट. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं (शर्यतीच्या घोड्यांची जात) वय 1 जानेवारीला वाढतं, जन्म कुठल्याही महिन्यातला असो. एक नंबर फेब्रुवारीचा, तीन नंबर मेचा. या वयात तीन महिन्यांना किती महत्त्व द्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

तीन महिने या वयात खूप असतात, पण उन्हाळ्यात जेवढे जाणवतात तेवढे हंगामाच्या शेवटी नाही. मेचं शिंगरू मागच्या धावेनंतर अंगाने भरलंय का, ते पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) बघा.

चार लांबीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. जिंकलेलं अंतर फसवं असतं, मागचे कोण होते ते महत्त्वाचं. नावाजलेला घोडा फ्रँकेल 2010 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला पहिल्यांदा धावला तेव्हा जेमतेम अर्ध्या लांबीने जिंकला होता. दुसरा होता नॅथॅनिएल, ज्याने पुढच्याच वर्षी अ‍ॅस्कटला किंग जॉर्ज ही मोठी शर्यत जिंकली. निव्वळ लांबी मोजणाऱ्याला त्या दिवशी काहीच दिसलं नसतं.

घोडीला हलक्यात घेऊ नका. 1400 मीटरला एका किलोची साधारण एक लांबी धरतात, म्हणजे तिला दीडेक लांबी मिळाली. शिवाय दोन्ही वेळा ती नेटाने धावली आहे. सात नंबरच्या बाबतीत गॅलपपेक्षा त्याच्या ट्रेनरचे घोडे पहिल्याच धावेत जिंकतात का ते तपासा. काही ट्रेनर पहिली धाव निव्वळ शिकवण्यासाठी देतात.

माझा क्रम: तीन, पाच, एक. तीन नंबरला पहिल्या धावेने गर्दीत धावायला शिकवलंय, गेटचं तेवढं बघा.

धागाकर्ता

मनापासून आभार. घोडीचा वजनाचा हिशेब मी केलाच नव्हता. तीन नंबर पॅडॉकमध्ये घामाने फेसाळलेला दिसला तर त्याला खाली आणावं का?

प्रतिसाद

मानेवर थोडा घाम असेल तर सोडून द्या. मांड्यांच्या आत फेस आणि सारखी मान उडवणं, दोन्ही दिसलं तर घोडीला वर घ्या.