शेकडो फोटो एकदम: स्क्रिप्ट की हाताने? अनुभव लिहा

फोटोंचा ढीग साचतो आणि प्रत्येकाचं माप, उजेड, रंग बघायचे म्हटलं की अंगावर काटा येतो. कुणी स्क्रिप्टच्या, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आदेशांच्या, हवाली करतं, कुणी एकेक उघडून बसतं. तुम्ही काय करता?

*

माझं सगळं इमेजमॅजिकवर. १९९० पासूनचं आहे, लिहिलेल्या आदेशांवर चालतं, म्हणून चित्रं उघडून बघायची गरजच नाही. त्यातला मॉग्रिफाय हा आदेश मूळ फाइलवरच लिहितो, म्हणून 'पाथ' पर्याय देऊन निकाल वेगळ्या फोल्डरात काढते. मापापुढे 'पेक्षा मोठे'चं चिन्ह दिलं की मोठे फोटोच लहान होतात, मुळात लहान असलेले ताणले जात नाहीत. चिन्ह अवतरणात हवं, नाहीतर शेल (आदेश वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्याचा भलताच अर्थ लावतं.

*

मापापुरतं +१. उजेडाला मात्र स्क्रिप्ट नको. ऑटो लेव्हल (उजेड आपोआप जुळवणारा पर्याय) प्रत्येक फोटोचा हिशेब स्वतंत्र करतं, त्यामुळे लागोपाठ काढलेले दोन फोटो वेगळे दिसतात आणि संध्याकाळची दुपार होते! मी लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये एकाच प्रकाशातले फोटो एकत्र घेतो, एकावर व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांची जुळणी) बसवतो, बाकीच्यांना तोच सिंक. आता यालाही ऑटोमेशनच म्हणा हवं तर, पण नजर माझी.

*

पायथनवाल्यांसाठी: मोबाइलचा उभा फोटो बरेचदा आडवाच साठवलेला असतो, 'फिरवून दाखवा' ही सूचना एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलीतल्या माहितीच्या नोंदीत, असते. पिलो ही पायथनची चित्रांची लायब्ररी ती आपणहून पाळत नाही. आधी तिचंच एक्झिफ ट्रान्सपोज (सूचनेप्रमाणे फोटो फिरवणारं फंक्शन) चालवा, मग बाकीचं.

*

इमेजमॅजिकचं 'स्ट्रिप' (फोटोतली जादा माहिती काढणारा पर्याय) वापरणाऱ्यांनो, जीपीएसबरोबर रंगाचा प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंदही जाते. अडोबी आरजीबी या रंगपद्धतीतले फोटो मग फिके दिसतात. आधी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदला.

*

वीसपंचवीस फोटोंसाठी स्क्रिप्ट लिहीत बसणारे मला कळत नाहीत. फोटोशॉपमध्ये ॲक्शन (केलेल्या कृतींची नोंद) रेकॉर्ड करा, ती सगळ्यांवर चालवायला बॅच लावा, मोकळे व्हा. बाकी रॉ फाइलींवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) कुणी स्क्रिप्ट चालवतं का?

*

चालवते की. डार्कटेबल या रॉ सुधारायच्या ॲपमध्ये एक फोटो हाताने नीट करायचा, केलेल्या बदलांची एक्सएमपी फाइल बनते. लूपमध्ये डार्कटेबल-क्लायला (त्याचं आदेशांवर चालणारं रूप) प्रत्येक रॉबरोबर तीच द्यायची. नजर एकदाच लागते, राबणं यंत्राचं. फक्त क्रॉप आणि डाग पुसणंही सगळ्यांवर जातं, तेव्हा त्यांची मॉड्यूल्स (ॲपमधली साधनं) नमुन्याच्या फोटोत बंद ठेवा आणि ज्याला हवं त्याला नंतर हाताने करा.