डॉट ऑर्गचा सौदा मोडला ते योग्यच झालं

आडवाटेचा वाचक:
इंटरनेट सोसायटी ही १९९२ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफला ती पैसा पुरवते. तो पैसा मुख्यतः डॉट ऑर्ग नावांच्या, म्हणजे .org ने संपणाऱ्या संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या, नोंदणी शुल्कातून येतो. नोव्हेंबर २०१९मध्ये सोसायटीने ही नोंदणी सांभाळणारी आपली पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री, इथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकायचं जाहीर केलं. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने, म्हणजे जगभरच्या इंटरनेट पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, परवानगी नाकारली. मला तो निर्णय मनापासून पटतो. आपला मराठी विकिपीडियाही डॉट ऑर्गवरच आहे. असे पत्ते नफ्यासाठी चालवायचे नसतात.

सह्यकडा:
असहमत. आयईटीएफची मानकं कुणालाही फुकट वाचता येतात, पण ती घडवायला खर्च येतोच. बैठका, संपादन, कर्मचारी हे सगळं कशातून चालायचं? विक्रीतून कायमची ठेव उभी राहिली असती. आज मुख्य भिस्त एकाच उत्पन्नावर आहे. लोकांनी डॉट ऑर्ग नावं घेणं कमी केलं तर काय?

आडवाटेचा वाचक:
ठेव सोसायटीला मिळाली असती आणि कर्ज रजिस्ट्रीच्या माथी! सौद्यात ३६ कोटी डॉलरचं कर्ज होतं. ते फेडायचं कुणी? नावं घेणाऱ्या संस्थांनीच ना? त्यात जून २०१९मध्ये आयकॅननेच दरवाढीची मर्यादा काढून टाकली होती. इथॉसने पुढे वर्षाला सरासरी १० टक्क्यांच्या वर जाणार नाही असं आश्वासन दिलं. त्या वेगाने ८ वर्षांत शुल्क दुपटीहून वर जातं. शिवाय जुना पत्ता सोडणं संस्थेला परवडत नाही. वर्षानुवर्षांच्या पावत्या, पत्रकं, दुवे सगळीकडे तोच असतो.

नदीकाठ:
मला वेगळीच गोष्ट खुपते. सोसायटीच्या जगभरच्या शाखांना सौदा कळला तो ठरल्यावर. शिवाय आयकॅनची नोंदणी कॅलिफोर्नियातली; तिच्या नकाराआधी काही दिवस त्या राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता हाविएर बेसेरा यांनी विरोधाचं पत्र पाठवलं होतं. सगळ्या जगाच्या पत्त्यांचा प्रश्न आणि वजन पडलं एका राज्याच्या अधिकाऱ्याचं.

सह्यकडा:
हा मुद्दा मान्य, गुप्तता चुकलीच. म्हणून विक्रीच चूक ठरत नाही. शाखांना आधी विचारून, दरवाढीवर कायमची मर्यादा घालून असा सौदा पुन्हा आला, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

आडवाटेचा वाचक:
मर्यादा घातली तरी मालक नफ्याला बांधलेलाच राहतो. माझा विरोध तेव्हाही असेल.