एकाच दिवशी रुजू झालेल्या पायलटांची सिनिऑरिटी कशी लावावी?

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

आमच्या पायलट संघटनेने भरतीच्या नियमांचा मसुदा करायचं काम आम्हा तिघांच्या गळ्यात घातलंय. बाकीचं उरकलं, पण एका कलमावर गाडं अडलंय. बॅचमधले सगळे एकाच तारखेला रुजू होतात, तर यादीत वर कोण आणि खाली कोण?

बाहेरच्याला हा क्षुल्लक वाद वाटेल. पण बेस (म्हणजे कोणत्या शहरातून उडायचं), विमानाचा प्रकार, रोस्टरचं बिडिंग (महिन्याच्या ड्युट्यांसाठी पसंती नोंदवणं), रजा, कॅप्टन होण्याची पाळी, सगळं त्या क्रमांकावर चालतं. कपात आली की यादीतला शेवटचा आधी घरी जातो. आणि क्रमांक एकदा पडला की नोकरी संपेपर्यंत तोच क्रम.

काही पर्याय आम्ही लगेच बाद केले. आडनावाची अक्षरं, हा तर विनोद. अर्जाची तारीख धरली तर फॉर्म आधी भरल्याचं बक्षीस. उड्डाणाचे तास वरवर रास्त वाटतात, पण लढाऊ विमानांवरून आलेल्यांची उड्डाणंच छोटी, त्यांचे तास कमीच भरणार. प्रशिक्षणातले गुण मला अजिबात नकोत. सिम्युलेटरमध्ये जोडीदाराला सांभाळून घ्यायला शिकवायचं आणि त्याच्याशीच स्पर्धा लावायची?

अमेरिकेत काही कंपन्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (आपल्या आधारसारखा तिथला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे धरतात, काही चिठ्ठ्या टाकतात, काही वय बघतात. पहिली पद्धत म्हणजे जन्मभर खिशात असलेली सोडतच, फक्त निकाल आधीच ठरलेला.

माझा कल वयाकडे आहे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांना वयाची मर्यादा ६५. पंचेचाळिशीचा माणूस पंचविशीच्या मुलाच्या वर असला तर वीस वर्षांनी तो निवृत्त होतो आणि मुलगा आपोआप वर सरकतो. उलट लावलं तर थोरल्याचं ते नुकसान बहुधा कधीच भरून निघत नाही. पण समितीतली तरुण सहकारी म्हणते, "कपात आली तर दर वेळी सगळ्यांत लहानच का? कर्जाचे हप्ते तर त्याच्याच डोक्यावर असतात." यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. तिला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सोडत हवी आहे. तिसऱ्या सदस्याला दोन्ही चालतं, म्हणजे त्याचा उपयोग शून्य.

तुमच्यापैकी कोणी असा नियम राबवलाय का? वयाचा क्रम ठेवून कपातीपुरती वेगळी तरतूद केली तर ती टिकते, की पुढे भांडणाचं मूळ होते? सोडत घेतलीच, तर गैरहजर असणाऱ्याची चिठ्ठी कोणी उचलायची? आणि आजारपणामुळे किंवा सिम्युलेटरचा स्लॉट न मिळाल्यामुळे ज्याचं प्रशिक्षण लांबलं, त्याचा क्रमांक बॅचबरोबरच राहावा ना? माझ्या मते राहावा, पण व्यवस्थापन प्रशिक्षण पूर्ण झाल्याची तारीख धरायला बघतंय. त्यांच्यापुढे कोणता मुद्दा मांडावा तेही सुचवा.